आमची वाटचाल : पंचवीस नंबरचा गाळा

२००६ साली कोल्हापुरात शाहूपुरीत जिन्याखालच्या खोलीत आम्ही पाटी लावली, ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’. विक्री नावालाच. दुरुस्ती म्हणजे बहुतेकदा रॅम काढायची, खोडरबरानं पुसायची, परत बसवायची. उद्यमनगरातली वर्कशॉपं हेच गिऱ्हाईक. तिथल्या मशिनी उघडल्या की मूठभर लोखंडी धूळ निघायची.

मेल सर्व्हरच्या, म्हणजे कंपनीचा ईमेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, धंद्यात आम्ही ठरवून आलो नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांना, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, स्वतःच्या कंपनीच्या नावाचा मेल हवा होता. मी लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) थोडंफार वाचलेलं. रेड हॅट घराण्यातलं लिनक्स टाकलं, त्यावर आधीपासून असलेला सेंडमेल हा मेल ने-आण करणारा प्रोग्राम बंद केला, त्याच्या जागी पोस्टफिक्स आणि आलेला मेल वाचायला देणारं डोव्हकॉट बसवलं. मेल सुरू झाला. अण्णांनी पेढे दिले.

दोन महिन्यांनी रात्री लाईट गेली, यूपीएसही बसला. सकाळी अण्णांचा फोन, “रात्रीपासनं एक मेल आलेला नाही. बाहेरच्या पार्टीचं ड्रॉइंग यायचंय, ओतकामाचा पॅटर्न अडलाय.”

गेलो. मशीन तीनदा बंद-चालू केलं. मग त्याच मशीनवरून पोर्ट २५ ला, म्हणजे मेल घेणाऱ्या नंबरी दाराला, टेलनेट केलं (हातानं जोडणी करून पाहिली), तर ‘२२०’ म्हणजे ‘तयार आहे’ असं उत्तर आलं. म्हणजे मेल सर्व्हर जिवंत! मी इंटरनेटवाल्यांवर खापर फोडून मोकळा झालो. बाहेरून टेलनेट केलं की मात्र ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. तेव्हा हेही कळत नव्हतं, की रिफ्यूज्ड म्हणजे बहुधा मशिनीपर्यंत पोचलोय, पण त्या दाराशी कोणी बसलेलं नाही. आणि नुसतं ताटकळत राहून टाइमआउट झालं तर मधे कुठंतरी फायरवॉल, म्हणजे नेटचा पहारेकरी, बोलणं गिळतोय. दोन्हीचं औषध वेगळं.

दुपारी नेटस्टॅट (कुठल्या पोर्टवर कुठला प्रोग्राम बसलाय ते दाखवणारी कमांड) चालवलं, तर प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नावाच्या जागी नुसती रेघ. साध्या युजरनं चालवलं होतं. दुसऱ्याच्या प्रोसेसचं नाव रूटलाच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरलाच, दिसतं. रूट होऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पोर्ट २५ वर सेंडमेल बसला होता, तोही फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे घरातल्या घरात बोलणारा. मी त्याला बंद केलं होतं, पण बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप उठणाऱ्यांच्या, यादीतून काढलं नव्हतं. लाईट आल्यावर तो आधी उठला. पोर्ट म्हणजे गाळाच, एका गाळ्याला एकच भाडेकरू. मागून आलेला पोस्टफिक्स ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असं लॉगमध्ये (मशीनच्या नोंदवहीत) लिहून गप्प पडला होता. लाज वाटली ती याची, की सकाळच्या त्या ‘२२०’ च्या ओळीतच सेंडमेलचं नाव छापलेलं होतं. मी आकडा वाचला, पुढचं वाचलंच नाही.

सेंडमेल बूटमधून काढला, पोस्टफिक्स उठवला. मेल हरवले नव्हते. पाठवणारे सर्व्हर असा मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा धडकतात, सहसा चार-पाच दिवस तरी. संध्याकाळपर्यंत ड्रॉइंगसकट सगळे येऊन पडले.

बिल केलं तीनशे रुपयांचं. अण्णा म्हणाले, “पार्ट कुठला बदललास?” बदललं काहीच नव्हतं, आणि चूकही माझीच होती. ते बिल मी फाडलं. पण नुसतं बघण्याचे पैसे कसे मागायचे, हा प्रश्न पुढं कित्येक वर्षं पुरला. शेवटी वार्षिक करार सुरू केले, तेव्हा कुठं दुकानाचं भाडं वेळेवर जायला लागलं.

दुसरी आठवण ऑगस्ट २०१९ च्या महापुरातली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, आमच्याकडं नेट नाही. फाउंड्रीत जनरेटरवर सर्व्हर चालू, पण कुणालाच मेल उघडेना. फोनवर स्टोअरकीपर चालू पोर्टांच्या यादीतली एकेक ओळ वाचून दाखवत होता, “पंचवीस आहे… पाचशे सत्त्याऐंशी आहे…” मेल वाचायचे १४३ आणि ९९३ नव्हते. म्हणजे मेल येत होता, वाचायला देणारा डोव्हकॉट मेलेला. लॉग वाचायला सांगितला, तर तो हसायलाच लागला, “साहेब, हे म्हणतंय वेळ १९,८०० सेकंद मागं गेली, आता मी जीव देतो!” जुन्या डोव्हकॉटचा संदेश खरंच तसा होता. १९,८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास. कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ बघून बायोसमध्ये (मशिनीच्या मूळ सेटिंगमध्ये) वेळ भरली होती, आणि लिनक्स ती ग्रीनिचची, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची, समजून साडेपाच तास पुढं पळालं होतं. टाइम सर्व्हरशी गाठ पडल्यावर काटा मागं आला आणि डोव्हकॉट गेला. नुसता पुन्हा चालू करायला सांगितला. पाणी ओसरल्यावर जाऊन बायोसचं बघितलं.

आज राजारामपुरीत आम्ही सहा जण आहोत. बरीच गिऱ्हाइकं क्लाउडच्या मेलवर गेली. काहींना आम्हीच जा म्हटलं, कारण चार माणसांच्या ऑफिसनं स्वतःचा सर्व्हर पाळणं म्हणजे दुधाच्या पिशवीसाठी म्हैस बांधणं. अण्णांनी मात्र सर्व्हर हलवला नाही. तो स्टोअरकीपर आता रूटचा पासवर्ड सांभाळतो, आणि फोन करायच्या आधी पोर्टांची यादी काढून ठेवतो.