आठ माणसांचा टेंट, नऊ रात्री आणि घाटघरचा वारा

दिवाळीच्या सुट्टीत भंडारदरा, घाटघर आणि साम्रद असं मिळून नऊ रात्री टेंटमध्ये राहून आलो. आम्ही सहा जण, मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि दीर. हॉटेलचं गणित नऊ रात्रींना परवडत नव्हतं म्हणून एकच मोठा फॅमिली टेंट घ्यायचा ठरवलं, आणि ऑनलाइन साडेआठ हजाराचा 'आठ माणसांचा, वॉटरप्रूफ, उभं राहता येणारा' असा घेतला. त्या वर्णनात खरं निघालं ते फक्त उभं राहणं. बाकी दोन्ही गोष्टींनी फसवलं, आणि आता अजून दोन ओळखीचे लोक तसलाच घ्यायला निघालेत म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी आठ माणसांचं बघा. तळाचं माप होतं ३६० बाय २४० सेंटीमीटर. आठ जणांत वाटलं तर माणशी ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट. आपल्या घरातली एकेरी गादी तीन फुटी असते, म्हणजे बारा फुटांत चार गाद्या, संपलं. आम्ही सहा जण माणशी दोन फुटांत झोपलो, एक जण कुशीवर वळला की पलीकडचा जागा होणार, आणि पायाशी उरलेल्या दोन फुटांत सहा जणांच्या बॅगा. एक-दोन रात्री निघतात तशा, पण नऊ रात्री राहायचं तर कंपनीचा आकडा सरळ अर्धा करा. आठ लिहिलंय म्हणजे चार माणसं आणि त्यांचं सामान. आणि हा आकडा न बघता तळाचं माप बघा, घरात फरशीवर चुन्याने किंवा चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा आणि सगळ्यांना त्यात झोपवा. पाच मिनिटांत कळतं.

भंडारदऱ्याचे पहिले चार दिवस छान गेले, पाणी, ऊन, अमृतेश्वराचं देऊळ, पोरं खूश. त्यावर जास्त लिहित नाही. एवढंच सांगते की तिथे धरणाच्या काठावर एका कॅम्पवाल्याने टेंट आमचा, गाद्या आमच्या, तरी माणशी ५०० रुपये घेतले, सहा वर्षांच्या मुलाचेसुद्धा पूर्ण! वर लाकडाची एक मोळी ४०० ला आणि मोबाइल चार्जिंगचे वेगळे. फोनवर 'या हो, बघू आपण' एवढंच म्हणाला होता आणि आम्हीही पुढे विचारलं नाही, तिथे पोचल्यावर अंधारात सहा माणसं घेऊन कुठे जाणार? पुढे घाटघरला एका घरच्या लोकांनी त्यांच्या खाचराच्या कडेला टेंट लावायचे रोजचे ३०० घेतले, सगळ्यांचे मिळून, संडास वापरायला दिला आणि जेवण २०० रुपये ताट, चुलीवरची भाकरी पोटभर. म्हणून फोनवरच विचारायचं, 'टेंट आमचा आहे, जागेचे टेंटमागे किती?' माणशी दर सांगितला की पुढच्याला फोन लावायचा. आणि हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा दिसली मोकळी जागा की टेंट ठोकला असं करू नका, गावातल्या मालकीच्या जागेतच विचारून लावा.

आता घाटघर. कोकणकड्याच्या अलीकडे मोकळं माळरान आहे, तिथून दिसणारं दृश्य बघून आम्ही टेंट बरोबर उघड्यावर लावायला घेतला. जागा दिलेल्या घरातले बाबा आले आणि म्हणाले, "ताई, हितं नका लावू, रातच्याला वारं लई असतं. गोठ्याच्या आडाला घ्या." तेव्हा पानसुद्धा हलत नव्हतं. आम्ही दृश्याच्या मोहात तिथेच लावला आणि पहिली रात्र शांत गेली, म्हणून आणखीनच निर्धास्त झालो.

दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास वारा सुटला. आमचा टेंट खोलीसारखा, चारी भिंती सरळ उभ्या, साडेसहा फूट उंच. अशा टेंटची एक अख्खी भिंत वाऱ्याला शिडासारखी अंगावर घेते, घुमट किंवा बोगद्याच्या आकाराच्या टेंटवरून वारा निदान घसरून तरी जातो. वाऱ्याकडची भिंत आत आत येत गेली, आधी बॅगांना टेकली, मग झोपलेल्या मुलाच्या तोंडावर आली. सोबत मिळालेले पेग, म्हणजे जमिनीत ठोकायचे खुंटे, सहा इंची, छत्रीच्या काडीएवढे जाड. खाली मुरूम, त्यात ते लावतानाच वाकले होते, ते एकामागोमाग निघाले. पोरांना आणि आईंना गाडीत नेऊन बसवलं. नवरा आणि दीर आतून छताचा पोल हातांनी धरून उभे, मी बाहेर बॅटरी दातात धरून दोऱ्या दगडांना बांधतेय, आणि तेवढ्यात बांबू फुटावा तसा आवाज झाला. फायबरचा पोल जिथे दोन तुकडे जोडतात त्या धातूच्या नळीपाशी उभा चिरला होता. दिराने तो पकडला आणि तळहातात काचेसारखे बारीक कण घुसले, सकाळपर्यंत चिमट्याने काढत होतो. फुटलेला फायबरचा पोल उघड्या हाताने धरायचा नाही, आधी कापड गुंडाळायचं, हे लक्षात ठेवा.

पोल साडेआठ मिलीमीटरचा होता. छोट्या दोन माणसांच्या टेंटला तो चालतो, साडेसहा फूट उंच खोलीला नाही. मोठ्या टेंटला फायबर असेल तर ११ मिलीमीटरच्या आसपास तरी हवा, नाहीतर स्टीलचे पाय हवेत. ऑनलाइन वर्णनात ही जाडी लिहिलेलीच नसते, मग विचारायची, सांगत नसतील तर घ्यायचा नाही.

तिसरी रात्र त्याच बाबांच्या पडवीत काढली. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. सकाळी पोलच्या दुरुस्तीसाठी भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात काही मिळालं नाही, थेट राजूरपर्यंत जावं लागलं, अर्धा दिवस त्यात गेला. तिथे हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा कापून घेतला, फुटलेल्या जागेवर सरकवला, दोन्ही बाजूंनी टेप गुंडाळली, पुढच्या दोन रात्री तो टिकला. असा तुकडा घरूनच न्या, पोल आत जाईल पण डुगडुगणार नाही एवढ्या व्यासाचा. तिथूनच दहा इंची खिळे डझनभर घेतले. कोणी लोहार ओळखीचा असेल तर ८ मिलीमीटरच्या सळईचे फूटभर तुकडे कापून डोकं वाकवून घ्या, त्याच्यासारखा पेग नाही. ठोकताना डोकं टेंटपासून लांब झुकलेलं पाहिजे, आणि दोरी ताणून जमिनीशी साधारण ४५ अंशात. दोऱ्या सगळ्याच्या सगळ्या बांधायच्या, संध्याकाळी वारा नसला तरी. आम्ही आठपैकी चारच बांधल्या होत्या, बाकीच्या पिशवीतच राहिल्या होत्या.

साम्रदला पहिल्याच रात्री अवकाळी पावसाची सर आली, अर्धा-पाऊण तास, फार मोठी नाही. तेवढ्यात वॉटरप्रूफचंही कळलं. आमच्या टेंटचा वरचा कपडा, म्हणजे फ्लायशीट, फक्त छतावर टोपीसारखा होता. भिंती एकेरी, त्यांच्या शिवणीतून पाणी झिरपलं, आणि कोपऱ्यातून तर सरळ आत आलं. लेबलवर १००० मिलीमीटर लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा की त्या कापडावर एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येत नाही, ऐकायला पुष्कळ वाटतं, पण ओल्या जमिनीवर माणूस गुडघा टेकवून बसला की तेवढ्या जागेवर दाब त्याहून जास्त पडतो आणि पाणी वर येतं. आईंची गादी तशीच खालून भिजली. छताला २००० आणि तळाला ३००० च्या वरचं बघा, शिवणीवर आतून टेप मारलेली आहे का ते हात फिरवून बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लायशीट चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आलं पाहिजे. दुहेरी कापडाचा अजून एक फायदा म्हणजे रात्रभर सहा जणांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमून ठिबकते ती बाहेरच्या थरावर राहते. एकेरी टेंटमध्ये ती आपल्या पांघरुणावर पडते, लोकांना वाटतं टेंट गळतोय. थंडी वाजली तरी वरच्या जाळ्या बंद करू नका. आणि शेगडी किंवा निखारे आत घेऊ नका, कितीही गारठा असू दे.

दुसऱ्या दिवशी गावातून १२ बाय १८ फुटी ताडपत्री मागून आणली आणि टेंटवर दोरीने उतरती बांधली, तेव्हा कुठे शांत झोप लागली. टेंटखाली ताडपत्री घालायची तर ती तळापेक्षा वीतभर आतच दुमडायची, बाहेर आली की पावसाचं पाणी गोळा करून टेंटखाली आणते.

तर माझं मत स्पष्ट आहे. दहा हजाराच्या आत एकच खोलीसारखा मोठा टेंट घेऊच नका. तेवढ्या पैशांत चार-चार माणसांचे दोन घुमटी टेंट, पूर्ण फ्लायशीटवाले, आणि एक जाड ताडपत्री घ्या. दोन्हीची दारं समोरासमोर, मधे ताडपत्री, बसायला-जेवायला सावली होते. एकाचा पोल गेला तरी दुसऱ्यात सगळ्यांना दाटीवाटीने का होईना, रात्र काढता येते, आणि दोन लहान पिशव्या गाडीत मावतात, आमचं ते एकच लांबडं धूड कॅरिअरवर बांधावं लागलं. यात उभं राहता येत नाही, आणि हे मी हलकं घेत नाही, कारण आईंना साडी नेसायला उभं राहावंच लागतं, नऊ दिवस वाकून कपडे बदलणं त्या वयात जमत नाही. त्यासाठी कपडे बदलायचा छोटा उभा तंबू वेगळा मिळतो, तो घ्या, किंवा जिथे राहताय त्या घरात एक खोली विचारा, बायका आनंदाने देतात. पंधरा-अठरा हजार घालणार असाल तर मग बोगद्याच्या आकाराचा, मधे उभं राहता येणारा बघा आणि लावताना त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा.

विकत घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत गच्चीवर लावा, दोऱ्या टाक्यांच्या पाइपांना नाहीतर पाण्याच्या भरलेल्या कॅनना बांधून, आणि नळीने अर्धा तास पाणी मारा. एक जण आत बॅटरी घेऊन बसला पाहिजे. आम्ही हे केलं नाही, पिशवी उघडली ती थेट भंडारदऱ्यात, आणि परत आल्यावर मुदत संपलेली.

घरी पोचलो त्या रात्री दमून ओला टेंट तसाच पिशवीत ठेवला, चार दिवसांनी उघडला तर काळे ठिपके पडलेले. कितीही दमलात तरी त्याच रात्री गॅलरीत नाहीतर जिन्याच्या कठड्यावर पसरून टाका.