तुम्ही विचारलंत म्हणून: मी कुणाच्या बाजूचा?

‘तुम्ही देव मानत नाही, मग श्रद्धाळूंना इतकं सांभाळून का घेता?’ हा अर्ध्या लोकांचा प्रश्न. उरलेल्यांचा बरोबर उलटा: ‘आमच्याच श्रद्धांची चिरफाड का?’ आमच्या चर्चेच्या गटात कुणाला कधी थांबवायचं हे मी ठरवतो, म्हणून दोन्हीकडचा राग माझ्यावर. एकदाचं लिहून टाकतो.

मी मवाळ नाही. जाहीर मांडलेल्या मताला प्रश्न विचारता आलेच पाहिजेत. भावना दुखावतील म्हणून मी कुणाला अडवत नाही. गटातल्या एका मैत्रिणीला एकदा अडवलं, ते कारण वेगळं होतं.

एकाचे वडील नुकतेच गेले होते. त्याने सांगितलं, की विश्वास नसूनही सगळे विधी केले आणि बरं वाटलं. मैत्रीण ताडकन म्हणाली, ‘बरं वाटणं हा काही पुरावा नाही. आणि न पटणारं करायचं म्हणजे ढोंग.’ मी तिला तिथेच थांबवलं. तो काही सिद्ध करायला आला नव्हता, मन मोकळं करत होता. आजही थांबवेन.

पण नंतर ती जे बोलली ते डोक्यातून जात नाही. तिच्या घरी हेच विधी व्हायचे आणि मुलगी म्हणून ती दाराबाहेर. स्वतःच्या वडिलांच्या वेळीसुद्धा. ‘त्याचं दुखणं तुला लगेच दिसलं. मला ज्याने बाहेर काढलं, त्यानेच त्याला बरं वाटलं. आणि मी ते सभ्यपणे ऐकून घ्यायचं?’ मी म्हटलं, वेळ चुकली. ती म्हणाली, ‘आमची वेळ कधी असते?’ त्यानंतर ती गटात आली नाही.

हे ‘वेळे’चं उत्तर माझं नव्हे, अशोकाचं. गिरनारच्या शिळेवर, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या बाराव्या लेखात तो वाणीला आवर घालायला सांगतो. प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती नको, दुसऱ्याची निंदा नको. प्रसंग असला तरी बेतानेच. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याला हिणवणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो, हेही त्यात आहे. मी हा लेख उठसूट ऐकवायचो. त्याच शिळेवरचा नववा लेख कुणी काढत नाही, मीही काढत नसे. त्यात हाच अशोक आजारपण, लग्न, जन्म, प्रवास अशा निमित्तांनी होणारे विधी, त्यातही बायका करतात ते, क्षुद्र आणि निरर्थक ठरवतो. राजाला प्रसंग सापडला होता. शिवाय हाताशी शिळा होती. मैत्रिणीकडे दोन्ही नव्हतं.

पूर्वी मी म्हणायचो, माणसाचा आदर करा, मताची चिकित्सा करा. ऐकायला झकास. पण आईने झोपताना शिकवलेली प्रार्थना माणसातून वेगळी कशी काढणार? आणि नाहीच काढता येत म्हणावं, तर दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी विचारायचं तरी काय?

सध्या एवढंच पाळतो: स्वतःचा अनुभव सांगणाऱ्याची तिथल्या तिथे उलटतपासणी नाही; त्याच अनुभवावरून ‘सगळ्यांनी असं करावं’ म्हटलं, की प्रश्न सुरू. मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली, ‘घरात “करावं” असं कुणाला म्हणावंच लागत नाही.’ खरं आहे. नियम तरी तोच ठेवलाय, दुसरा सुचलेला नाही.