आमची वाटचाल : चार चाके आणि त्यांच्यामधले गिअर

आमच्या वर्कशॉपची सुरुवात तुटलेले हाफ शाफ्ट (चाके फिरवणारे दांडे) आणि दात उडालेले क्राऊन-पिनियन (ते दांडे फिरवणारी मोठ्या व लहान दातेरी चाकाची जोडी) बदलून देण्याच्या कामातून झाली. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे मालक खडकांत, वाळूत, चिखलात गाडी घालत, तिथे काहीतरी मोडे आणि मग ती गाडी ओढून आमच्याकडे आणली जाई. कामाला तोटा नव्हता. परंतु तोच मालक तोच भाग पुन्हा मोडला म्हणून परत येऊ लागला, तेव्हा नुसता नवा भाग घालून गाडी परत करणे मनाला पटेनासे झाले. मोडलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी तो टेबलावर घेऊन नीट पाहायचा, हा शिरस्ता आम्ही तेव्हा पाडला आणि तो आजही पाळतो. जास्त पीळ सोसलेल्या शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या लांबट खाचा) तिरक्या वळलेल्या असतात. अनेक महिने थकत जाऊन तुटलेल्या शाफ्टच्या छेदावर तडा पुढे सरकत गेल्याच्या रेषा उमटलेल्या दिसतात. एका झटक्यात तुटलेल्याचा छेद मात्र सगळीकडे खरबरीत असतो. असे तुकडे पाहता पाहता एक गोष्ट स्पष्ट होत गेली. बहुतेक वेळा दोष त्या भागाच्या धातूत नसून गाडीसाठी केलेल्या निवडीत होता : टायर मोठे घातलेले, डिफरन्शियलला (एका एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या यंत्रणेला) लॉक बसवलेले आणि शाफ्ट मात्र कंपनीतून आला तोच. दुरुस्ती करणारे वर्कशॉप म्हणून सुरू झालेला आमचा व्यवसाय या निरीक्षणामुळे हळूहळू निवडीचा सल्ला देणारा आणि त्याप्रमाणे एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला शाफ्ट आणि गिअरचा संच, बांधून देणारा झाला.

सल्ला द्यायचा तर आधी समोरच्याला डिफरन्शियल समजले पाहिजे, आणि ते तोंडी सांगून समजत नाही. म्हणून आम्ही एक जुने एक्सल हाऊसिंग (एक्सलचे बाहेरचे कवच) कापून स्टँडवर बसवले आहे. पिनियन धरून ठेवून एक चाक हाताने पुढे फिरवले की दुसरे चाक तेवढेच मागे फिरते, हे ग्राहक स्वतः करून पाहतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, ती सवलत हीच यंत्रणा देते. तिच्या किमतीची जाणीव मात्र चिखलात होते. साधे, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देते. त्यामुळे एक चाक निसरड्या जागी गरगरू लागले, की त्याला फिरवायला जेवढा थोडासा टॉर्क पुरतो तेवढाच दुसऱ्या, चांगली पकड असलेल्या चाकाला मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ असे सर्रास म्हटले जाते, पण टॉर्क कुठेच जात नाही, तो मुळात निर्माणच होऊ शकत नाही. हा फरक लक्षात आला की पुढची सगळी निवड सोपी होते, म्हणून आम्ही यावर वेळ घालवतो.

लॉक लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि टॉर्क पकडीप्रमाणे वाटला जातो. एक चाक अधांतरी असेल तर त्या एक्सलचा संपूर्ण टॉर्क उरलेल्या एकाच शाफ्टमधून जातो. ओपन डिफरन्शियलच्या गाडीत ज्या शाफ्टवर कधीही निम्म्याहून फारसा जास्त भार आला नव्हता, त्यावर लॉक लावताच दुप्पट भार येऊ शकतो. आमच्या टेबलावरच्या तिरक्या स्प्लाइनचे उत्तर इथे होते. तेव्हापासून लॉक मागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी टायरचा आकार, गाडीचे भरलेले वजन आणि शाफ्टची जाडी विचारतो. सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये तोच शाफ्ट चाकही सांभाळतो आणि पीळही सोसतो, तर फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाऊसिंगवर असते आणि शाफ्टकडे फक्त पीळ राहतो. जड सामान घेऊन दूर जाणाऱ्या गाडीसाठी हा फरक लॉकच्या प्रकारापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

पुढच्या आणि मागच्या एक्सलमधला संबंध हा वेगळा प्रश्न आहे. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके चालवण्याच्या पद्धतीत ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारे लांब दांडे) एकमेकांना घट्ट जोडते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या कमानीतून जातात, पण शाफ्ट जोडलेले असल्यामुळे त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरता येत नाही. मातीवर टायर थोडे घसरून हा ताण सोडवून घेतात, कोरड्या पक्क्या रस्त्यावर मात्र तो साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर अडकून बसतो. फुल-टाइम पद्धतीत मध्ये तिसरे डिफरन्शियल असते. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरने कायमस्वरूपी चार चाकांचा ड्राइव्ह आणि लॉक करता येणारे मधले डिफरन्शियल देऊन हा मार्ग अनेकांना दाखवला. १९९० च्या मर्सिडीज जी-क्लासमध्ये फुल-टाइम ड्राइव्हसह तिन्ही डिफरन्शियलना लॉक आले. ज्यांची गाडी ओल्या, बर्फाळ किंवा मिश्र रस्त्यांवर रोज धावते त्यांना आम्ही फुल-टाइमच सुचवतो. वर्षातला बहुतेक काळ कोरड्या रस्त्यावर आणि सुट्टीत डोंगरात जाणाऱ्यासाठी पार्ट-टाइम पुरेसे आहे, त्यात भाग कमी असतात आणि दुरुस्ती सोपी असते. फुल-टाइम गाडीत मधला लॉक लावला नसेल तर एक घसरणारे चाक चारही चाकांना थांबवू शकते, हे मात्र पुष्कळ अनुभवी चालकांनाही सांगावे लागते.

मागच्या एक्सलसाठी काय घ्यावे यावर आमच्याकडे सर्वांत जास्त चर्चा होते. क्लचच्या चकत्यांचे लिमिटेड-स्लिप (एका चाकाचे घसरणे मर्यादित ठेवणारे) डिफरन्शियल रस्त्यावर सभ्यपणे वागते, पण चकत्या झिजतात आणि तेलात त्यांच्यासाठीचे घर्षण कमी करणारे मिश्रण घालावे लागते. केवळ गिअरवर चालणारे, टॉर्सन जातीचे डिफरन्शियल झिजण्याच्या बाबतीत निश्चिंत असते. ते घसरणाऱ्या चाकाच्या टॉर्कच्या ठरावीक पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देते. हा पट तीन धरला तर चिखलात त्याचा चांगला उपयोग होतो, परंतु चाक हवेत असेल तेव्हा शून्याची तिप्पट शून्यच राहते. अशा वेळी ब्रेक हलकेच दाबून हवेतल्या चाकाला थोडा विरोध दिला की दुसऱ्या चाकाकडे टॉर्क जातो. हे तंत्र माहीत असलेला चालक अशा डिफरन्शियलवर अवघड वाटाही पार करतो. आपोआप लागणारे लॉकर स्वस्त आणि दणकट असतात, त्यांना वायर किंवा हवेची नळी लागत नाही. पण वळणावर ते टकटक आवाज करीत सुटतात आणि लागतात, आणि आखूड व्हीलबेसच्या गाडीत तो झटका स्टिअरिंगमध्ये जाणवतो. उतारावर आडवे जाताना जमीन निसरडी असेल तर लॉक झालेल्या एक्सलची दोन्ही चाके एकदम सुटून गाडीची मागची बाजू खाली सरकते, म्हणून हवे तेव्हाच लावता येणारे हवेवरचे किंवा विजेवरचे लॉकर आम्हाला अधिक पसंत आहे. हवेच्या पद्धतीत कंप्रेसर, नळी आणि सील यांची निगा राखावी लागते. विजेच्या पद्धतीत जोडणी सुटसुटीत असते, मात्र काही प्रकारांत चाके थोडी फिरल्याशिवाय लॉक पूर्ण बसत नाही.

पुढच्या एक्सलच्या बाबतीत आम्ही जाणीवपूर्वक सावध आहोत. पुढे लॉक लावल्यावर गाडी सरळ जाऊ पाहते, स्टिअरिंग जड होते आणि चाके पूर्ण वळलेली असताना सगळा टॉर्क एकाच सीव्ही जॉइंटवर (चाक वळले तरी ताकद पोचवणाऱ्या सांध्यावर) आला तर तो फुटतो, कारण कोन वाढला की जॉइंटची ताकद कमी होते. शिवाय मागच्याच धाटणीचे क्राऊन-पिनियन पुढे उलटे बसवलेले असेल तर पुढे जाताना दातांची दुय्यम, कमी ताकदीची बाजू भार घेते. उलट आट्यांचे हाय-पिनियन (पिनियन वरच्या बाजूला असलेले) गिअर यासाठीच बनवतात, आणि त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा कोनही सुधारतो. चांगले टायर, मागे हवे तेव्हा लावता येणारा लॉक आणि पुढे गाडीचे स्वतःचे ट्रॅक्शन कंट्रोल, एवढ्यावर खूप लोकांचे काम भागते. ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे टॉर्क वळवते. त्यासाठी चाक आधी थोडे घसरावे लागते आणि लांब चढावर ब्रेक तापतात, तरी २०१८ च्या सुझुकी जिम्नीसारख्या हलक्या गाडीत ते किती दूर नेते हे पाहून आम्ही अनेकांना लॉकरचा विचार पुढे ढकलायला सांगितले आहे. त्या दिवशी काम हातचे जाते, हे खरे. पण पुढे तीच माणसे एक्सल बांधून घ्यायला परत येतात.

यापेक्षाही दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे गुणोत्तर. पहिला गिअर, लो रेंज (ट्रान्सफर केसमधला मंद गिअर) आणि एक्सल यांची गुणोत्तरे गुणली की इंजिनचे किती फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो ते कळते. ४.०, २.५ आणि ४.१० घेतले तर ४१ येतात. त्याच गाडीत ४ : १ ची ट्रान्सफर केस बसवली तर आकडा ६५.६ वर जातो आणि खडकावर गाडी क्लच न तापवता मुंगीच्या पावलाने चालते. २००३ च्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढे-मागे लॉकरबरोबर ४ : १ ची ट्रान्सफर केस दिली होती, तर साध्या रँग्लरची लो रेंज २.७२ : १ होती, लॉकर आणि मंद गती यांची जोडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. टायर मोठे केल्यावर गुणोत्तर घसरते. २९ इंची टायरवर ४.१० असलेल्या गाडीला ३३ इंची टायर घातले, तर पूर्वीसारखी ओढ मिळवण्यासाठी सुमारे ४.६७ लागते. बाजारात जवळचे ४.५६ आणि ४.८८ मिळतात, हलक्या, रस्त्यावर जास्त धावणाऱ्या गाडीला आम्ही पहिले आणि सामान लादलेल्या गाडीला दुसरे देतो. गुणोत्तर वाढते तसे पिनियनचे दात कमी होतात आणि त्याचे डोके बारीक होते, म्हणून लहान एक्सलमध्ये फार पुढे जाणे धोक्याचे असते. पुढचे आणि मागचे गुणोत्तर जुळलेच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या कामाची खरी प्रतिष्ठा मात्र गिअर बसवण्यातून उभी राहिली, आणि मला स्वतःला आजही याच टेबलाशी उभे राहायला सर्वांत जास्त आवडते. क्राऊनच्या काही दातांना रंगाची पेस्ट लावायची, फडक्याने थोडा रोध देत क्राऊन फिरवायचा आणि दातांवर उमटलेला ठसा पाहायचा. ठसा दाताच्या मुळाकडे सरकला असेल तर पिनियन फार आत आहे, माथ्याकडे गेला असेल तर फार बाहेर. शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलायची, पुन्हा सगळे उघडून बसवायचे, पुन्हा ठसा घ्यायचा. डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) अनेक एक्सलमध्ये साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान यावा लागतो आणि तो क्राऊनच्या परिघावर सगळीकडे सारखा असावा लागतो. पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) दाबल्या जाणाऱ्या स्लीव्हवर ठरत असेल, तर नट मर्यादेपलीकडे आवळला की तो सैल करून भागत नाही, स्लीव्ह नवी घालावी लागते. हे काम घाईने होत नाही. म्हणून आमच्याकडे एक एक्सल एकाच कारागिराच्या हाती सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहते, आणि ठशाचे छायाचित्र, बॅकलॅशचा आकडा व वापरलेल्या शिमची जाडी ग्राहकाला लिहून दिली जाते. नवा मुलगा कामाला लागला की तो आधी जुन्या गिअरवर चुकीचे ठसे मुद्दाम काढायला शिकतो. चुकीचा ठसा ओळखता आल्याशिवाय बरोबर ठशावर विश्वास बसत नाही.

अलीकडे कामाचे स्वरूप बदलते आहे. आता गाडी आली की आधी संगणक जोडून व्हील स्पीड सेन्सर तपासावे लागतात, कारण चार टायर कमी-अधिक झिजलेले असले तरी ट्रॅक्शन कंट्रोल गोंधळते. विजेवरच्या गाड्यांत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर देऊन डिफरन्शियल वगळण्याचा मार्ग निघाला आहे. २०२४ ची विजेवरची जी-क्लास चार मोटरवर चालते, लॉकचे काम सॉफ्टवेअर करते, तरी लो रेंजसाठी गिअर तिच्यातही आहेत. आमच्या दोन कारागिरांनी विजेच्या गाड्यांचे काम शिकायला घेतले आहे, कारण ताकद कोठूनही आली तरी ती जमिनीपर्यंत पोहोचवणाऱ्या शाफ्टचा, जॉइंटचा आणि टायरचा हिशेब मांडावाच लागणार आहे.

एक्सल नव्याने बांधून घेतलेल्या प्रत्येकाला आम्ही जाताना काही गोष्टी सांगतो. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर आरामात चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, हे काही वेळा करावे, पहिल्या आठशे किलोमीटरपर्यंत जड ट्रेलर ओढू नये आणि त्यानंतर गाडी तेल बदलायला आमच्याकडे आणावी. त्या पहिल्या तेलाबरोबर येणारी धातूची पूड आम्ही चुंबकावर घेऊन पाहतो : राखेसारखी बारीक असली तर गिअर बसले आहेत, टोचणारे कण लागले तर कव्हर लगेच उघडतो.