तुम्ही विचारलंत म्हणून: पंप लावला की सुया संपल्या का?

लेकीच्या कमरेला इन्सुलिनचा पंप दिसला की लोक विचारतातच, परभणीच्या बसस्टँडवर, लग्नात, आणि आता तर ज्यांच्या घरी टाइप वन डायबेटिसचं (ज्यात अंगात इन्सुलिन बनत नाही) लेकरू आहे ते आईबाप फोन करून विचारायलेत, ताई, पंप लावला म्हणजे आता सगळं आपोआप ना, सुया संपल्या ना? दरवेळी घाईत काहीतरी सांगते, म्हणून आज नीट लिहिते.

सुया कमी झाल्या, संपल्या नाहीत. आधी रोज चार-पाच इंजेक्शनं व्हायची, आता दर दोन-तीन दिवसांनी पोटावर बारीक कॅन्युला (सुईनं कातडीखाली घालायचं मऊ टोक) बसवायची, तिला नळी, नळीला पंप. दिवसरात्र थेंबथेंब इन्सुलिन जातं ते बेसल, आणि जेवताना आपण बटण दाबून देतो तो बोलस. पण आमचा पंप साधा आहे, त्याला रक्तातली साखर दिसत नाही, ती आम्हीच बघायची. सेन्सर जोडलेले नवे पंप साखर बघून बेसल कमीजास्त करतात, तरी पोरीनं भाकरी किती खाल्ली ते त्यालाही सांगावंच लागतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, पंप घ्यायच्या आधी दोन महिने भाकरी मोजा. खरंच वजनकाट्यावर. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 70 ग्रॅम कार्ब (रक्तातली साखर वाढवणारा पिष्टाचा भाग) असतात. माझी भाकरी 60 ग्रॅम पिठाची होते, सासूबाईंची 90 ची. माझ्या लेकीला 10 ग्रॅम कार्बला 1 युनिट लागतं (तुमच्या लेकराचा आकडा वेगळा असेल, तो डॉक्टरच ठरवतात), म्हणजे ताटात भाकरी एकच, पण माझ्या हातची असली तर 4 युनिट आणि आजीच्या हातची असली तर 6. हे कळेपर्यंत आमचं रोज चुकायचं, दोन तासांनी साखर एकतर चढलेली नाहीतर उतरून पोरगी घामाघूम. आता पिठाचा गोळा आधी काट्यावर जातो, सासूबाईसुद्धा ठेवतात, नातीसाठी.

दुसरं, बाटली. आपल्याकडं मेडिकलवर 40 ची (एका मिलीत 40 युनिट) इन्सुलिनची बाटली सर्रास मिळते, लाल टोपणाची सिरिंज तिच्यासाठी असते. पंपाला 100 चंच इन्सुलिन लागतं, तेही लवकर काम करणारं. चुकून 40 चं भरलं तर पंपावर आकडा बरोबर दिसेल पण अंगात निम्म्याहून कमी जाईल. घेताना बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा.

आता ज्याची मला अजून धास्ती आहे ते सांगते. पंपात लाँग ॲक्टिंग (दिवसभर पुरणारं) इन्सुलिन नसतं, त्यामुळं पुरवठा तुटला की काही तासांत अंगात इन्सुलिनच उरत नाही. पहिल्याच महिन्यात एका रात्री जेवताना साखर 260 होती, पंपावरूनच डोस दिला आणि झोपलो, दोनला उठून बघितलं तर 390, पोरगी म्हणाली मळमळतंय. पंप एकदाही वाजला नव्हता. कॅन्युला काढली तर टोक नखाएवढं दुमडलेलं, आणि पोटावर ओलं, इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास. किटोनची पट्टी रंगली, म्हणजे इन्सुलिन न मिळाल्यानं अंगात किटोनचं आम्ल साठायला लागलेलं. डॉक्टरांना फोन केला, इन्सुलिनच्या पेननं इंजेक्शन दिलं, नवा सेट (कॅन्युला आणि नळी) लावला, पाणी पाजत पाजत पहाट झाली. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, दोनदा 250 च्या वर आलं की पंपावर विश्वास नाही, पेननं डोस आणि सेट बदलायचा. उलटी थांबत नसेल तर सरळ दवाखाना. पेन, सुया आणि किटोनच्या पट्ट्या दप्तरातही असतात, म्हणून म्हटलं सुया संपत नाहीत.

उन्हाळ्याचं तर वेगळंच. फ्रिजमधलं गार इन्सुलिन लगेच भरलं तर बुडबुडे येतात, म्हणून थोडं बाहेर ठेवून भरा असं शिकवतात, पण आपल्याकडं मे महिन्यात घरातच अंगाची लाही होते, म्हणून मी बाटली जरा वेळच बाहेर काढते आणि लाइट गेली की डबीत घालून ओल्या माठाजवळ ठेवते. घामानं चिकटपट्टी सुटते ती वेगळीच, वरून अजून एक पट्टी लावावी लागते. पंप उन्हात लटकू देऊ नका, आमच्या आजीनं त्याला जुन्या सुती लुगड्याची चंची शिवून दिलीय, ती ड्रेसच्या आत राहते.

खर्च मोठा आहे. पंप लाखांत, आणि सेट आणि रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिन भरायची नळकांडी) यांचा दर महिन्याचा खर्च हजारांत, तो कायमचा. महिन्याचं झेपणार नसेल तर कर्ज काढून पंप घेऊ नका, इंजेक्शनवरही साखर चांगली राहते, आमची तीन वर्षं राहिली.

पण झेपत असेल तर घ्या. सकाळी शाळेत जाताना तिचा बेसल आम्ही कमी ठेवतो, खोखोच्या तासाला अजून कमी, हे इंजेक्शनात जमतच नव्हतं, एकदा टोचलं की दिवसभर तेच. आता ती खोखो पूर्ण खेळते.

बघायचं असेल तर घरी या, फक्त जेवायच्या वेळेला या, म्हणजे काट्यावरचा गोळाही बघायला मिळेल.