“मग न्यायाधीश कशाला व्हायचंय?”

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, “सहा वर्षं वकिली केलीत, आता कुठे जम बसतोय. मग न्यायाधीश कशाला व्हायचंय?”

उत्तर तयार करून नेलं होतं, पण समोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसलेले पाहून ते पाठांतर गळून पडलं. मी माझ्या एका पक्षकार बाईंचा रोजनामा, म्हणजे तारखेतारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, सांगायला लागले.

धुणीभांडी करणाऱ्या बाई. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्यांचा अर्ज होता. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कलम १२ सांगतं. मुंबईतल्याच एका न्यायालयात त्यांचं तिसरं वर्ष सुरू होतं. कधी नोटीस बजावून आलेली नसे, कधी समोरच्या वकिलांना से, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला मुदत हवी असे, कधी कोर्ट रजेवर. दर तारखेला दोन घरचा खाडा. कलम २३ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज मी केव्हाच दिला होता. तोही युक्तिवादासाठी पडून. बाई बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, “ताई, आज होईल ना?”

मग तिथे नव्या न्यायाधीश मॅडम बदलून आल्या. बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, तेवढंच लांबलचक. त्यांनी बाईंना पुढे बोलावलं, घरभाडं किती, मुलांची फी किती, हे स्वतः मराठीत विचारलं. दुपारी दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकला आणि संध्याकाळपर्यंत अंतरिम पोटगीचा आदेश झाला. कायदा तोच, फाइल तीच, वकीलही मीच. त्या दिवशी लोकलमध्ये उभ्याउभ्याच मी ठरवलं.

पगार, निवृत्तिवेतन याचं आकर्षण नव्हतं असं म्हणणार नाही. ज्युनियर म्हणून सुरुवातीची वर्षं कशी काढली, ते घरच्यांना माहीत आहे. पण तेवढ्यासाठी कन्नमवार नगरातल्या आमच्या छोट्या खोलीत पहाटे चारला उठणं जमलं नसतं.

लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा १०० गुणांची, मुख्य २०० ची, मुलाखत ५० ची. पहिल्या खेपेला मुख्य परीक्षेत नापास झाले. दिवाणीने बुडवलं, मी सगळी वर्षं फौजदारीत काढलेली, मालमत्ता हस्तांतरण कायदा नुसता वाचून डोक्यात बसेना. शेवटी एका दिवाणी वकिलांकडे शनिवारी जाऊन जुने दावे वाचले, तेव्हा कलमांना माणसं मिळाली. त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. ४२० जाऊन ३१८ आलं, ३०२ जाऊन १०३.

किमान तीन वर्षं वकिली हवीच, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. मला ते मनापासून पटतं. बाहेरच्या बाकावर किती वेळ जातो, हे पुस्तकातून कळत नाही.

निवड झाली. फाइली सोपवताना त्या बाईंच्या वकालतनाम्यासाठी मी मैत्रिणीला ना-हरकत लिहून दिली. अंतिम निकाल अजून बाकी आहे. बाई खूश होत्या. म्हणाल्या, “म्हणजे आता माझी केस तुमच्यासमोरच येणार!”

मीच त्यांची वकील होते, म्हणून ती माझ्यासमोर कधीच येऊ शकणार नाही, हे त्यांना समजावायला बराच वेळ लागला.