तुम्ही विचारलंत म्हणून: अळीच्याच पेशी का?

दिवाळीला मोहोळला गेलो की काका विचारतातच, "माणसाच्या आजारावर काम करतोस ना, मग अळीच्या पेशी कशाला वाढवतोस?" सोलापुरात कॉलेजच्या मुलांपुढे बोललो, तिथंही पहिला प्रश्न हाच.

काकांच्या प्रश्नात राग असतो, आणि तो रास्त आहे. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आपल्या जिल्ह्यात मक्यावर आली. पोंग्यात शिरून ती काय करते, ते त्यांनी पाहिलंय. माझ्या बाटलीतल्या 'एसएफ-९' पेशी याच जातीच्या: कोशातल्या बीजांडकोशापासून काही दशकांपूर्वी अमेरिकेत वेगळ्या केलेल्या. २७ अंशांवर त्या वाढतात, पण त्यांची पुन्हा अळी होत नाही.

मी अभ्यासतो ते एचएलए-डीआर, आणि तेच मी या पेशींकडून बनवून घेतो. रोगप्रतिकारक पेशीच्या पृष्ठभागावरचं हे प्रथिन जंतूचा बारीक तुकडा खोबणीत धरून टी-पेशीपुढे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीपुढे, करतं आणि टी-पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टर प्रथिनानं तो चाचपते. माणसाच्या पेशीतून ते काढलं, तर खोबणीत आधीच नाना तुकडे बसलेले असतात. मला हवा तोच तुकडा बसवायचा, तर खोबण रिकामी हवी. किड्यांकडे टी-पेशी नाहीत, एचएलए नाही, खोबण भरणारी यंत्रणाही नाही. १९९२ मध्ये स्टर्न आणि वायली या शास्त्रज्ञांनी कीटकपेशींत एचएलए-डीआर-१ बनवलं, ते रिकामंच निघालं. १९९४ मध्ये त्यात फ्लूच्या विषाणूचा तुकडा बसवलेली स्फटिकरचना, म्हणजे प्रथिनाचे स्फटिक करून मिळवलेलं त्याच्या आकाराचं चित्र, आली. ते चित्र मी आजही विद्यार्थ्यांना आधी दाखवतो.

या प्रथिनाचं जनुक अळीच्या पेशीत नेतो बॅक्युलोव्हायरस, म्हणजे किड्यांना लागण करणारा विषाणू. शेतात तो अळीला मारतो आणि पानावर तग धरायला पॉलिहेड्रिन या प्रथिनाचं कवच रचतो, तेही बेसुमार. बाटलीत कवच लागत नाही, मग पॉलिहेड्रिनच्या जनुकाच्या जागी आपल्याला हवं ते जनुक ठेवायचं. टेक्सासमध्ये समर्स आणि स्मिथ यांच्या प्रयोगशाळेनं १९८३ मध्ये असाच मानवी इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंशी लढणारं प्रथिन, बनवून घेतला.

एक मात्र सांगायलाच हवं. कीटकपेशी प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवतात, पण त्या आखूड, माणसासारख्या नसतात. प्रश्नच साखरेचा असेल, तर मी मानवी पेशींकडे वळतो.

यंदा काकांनी पुढचं विचारलं, "मग तो विषाणू आमच्या मक्यावर चालेल का?" माझ्या बाटलीतला नाही, पण त्याच कुळातला, या अळीला मारणारा विषाणू आहे, म्हटलं, फवारणी मात्र संध्याकाळी करायची, उन्हात तो टिकत नाही.