वॉलेटची वही: सहावा महिना

मंडळी, कबूल केल्याप्रमाणे या वेळी सोशल ट्रेडिंगचे, म्हणजे दुसऱ्याचे क्रिप्टो सौदे नकलून करण्याचे, आकडे घेऊन आलोय. क्रिप्टोत दहा हजारांच्या वर एक रुपयाही घालायचा नाही, ही अट अजून मोडलेली नाही. ज्याच्या नादाने हे सुरू झालं तो भाचा मला चिकट म्हणतो. म्हणू दे.

आधी राहून गेलेलं काम. वॉलेट (क्रिप्टो नाणी सांभाळणारं ॲप) सुरू करताना मिळालेल्या बारा गुप्त शब्दांवरून ते पुन्हा उभं करायची चाचणी मी पाच महिने टाळली होती. शब्द वहीत आहेत, वही कपाटात आहे, मग काळजी कसली, असं चाललं होतं. या महिन्यात जुना फोन पुसला, त्यावर मुद्दाम वेगळं वॉलेट घातलं आणि शब्द भरले. हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात ती २,०४८ शब्दांचीच असते आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द पक्का होतो, त्यामुळे माझ्या डॉक्टरी अक्षराचंही निभावलं. ईथेरियम, पॉलिगॉन, आर्बिट्रम, बेस या चेनवर (एकेक चेन म्हणजे व्यवहारांची वेगळी खातेवही) सगळीकडे तोच ओळखीचा पत्ता आला. सोलाना ही वेगळ्या घडणीची चेन उघडली तर शिल्लक शून्य. पत्ताच भलता.

पाच मिनिटं घाम फुटला होता. मग लक्षात आलं, भानगड डेरिव्हेशन पाथची आहे. बारा शब्दांतून एक बीज तयार होतं आणि त्यातून कुठल्या फांदीवरची किल्ली तोडायची हे वॉलेट ठरवतं. ईव्हीएम, म्हणजे ईथेरियमच्या घडणीच्या, चेनसाठी बहुतेक वॉलेट एकच फांदी धरतात. सोलानासाठी मात्र एकाहून जास्त रिवाज चालतात. सेटिंगमध्ये दुसरा पाथ निवडला आणि पैसे जागेवर दिसले. आता वहीत शब्दांखाली पाथही लिहून ठेवलाय. ज्यांनी ही चाचणी केली नाही त्यांनी रक्कम लहान आहे तोवर करून घ्या, आणि झाल्यावर तो फोन पुन्हा पुसा.

स्वॅपचं, म्हणजे एक नाणं देऊन दुसरं घेण्याचं, थोडक्यात. आर्बिट्रमवर यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं नाणं) होते, पण ईथर हे ईथेरियमचं नाणं शून्य. गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, तिथे ईथरमध्येच भरायचा, त्यामुळे पैसे असून हलवता येईनात. शेवटी पॉलिगॉनवरून ब्रिजने (एका चेनवरून दुसऱ्या चेनवर नाणी नेणारी सोय) थोडा ईथर आणला आणि गाडी सुटली. आता प्रत्येक चेनवर शे-दीडशे रुपयांचं तिथलं नाणं पडून असतं. दुसरी गोष्ट, पॉलिगॉनवर दोन यूएसडीसी दिसतात. एक ईथेरियमवरून ब्रिजने आलेलं जुनं, दुसरं सर्कल कंपनीने २०२३ मध्ये थेट पॉलिगॉनवरच काढलेलं. चिन्ह जवळजवळ सारखं, पण करार (नाणं चालवणारा चेनवरचा प्रोग्राम) वेगळा. नावावर जाऊ नका, कराराचा पत्ता जुळवा.

आता ज्यासाठी तुम्ही थांबला आहात ते: सोशल ट्रेडिंग.

वॉलेटमध्ये लीडरांची, म्हणजे ज्यांचे सौदे आपोआप नकलता येतात अशांची, यादी असते. नफ्याची टक्केवारी हिरव्या अक्षरात, खाली ‘कॉपी’चं बटण. "मामा, याचा तीन महिन्यांचा ग्राफ तर बघ," असं भाचा म्हणाला आणि मी बघितला. दोन लीडर निवडले, एका वेळी ५०० रुपयांच्या आतली मर्यादा घातली आणि प्रत्येक सौद्याला त्याची किंमत आणि माझी किंमत शेजारी शेजारी लिहीत गेलो. दहा सौदे झाले. नऊ वेळा माझी खरेदी त्याच्यापेक्षा महाग.

आधी स्लिपेजवर, म्हणजे दिसलेल्या भावापेक्षा किती फरक चालेल या मर्यादेवर, खापर फोडलं. ते २ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, तर निम्मे सौदे पडायलाच लागले. मग एका रात्री कागद घेऊन बसलो. तुम्हीही मांडून बघा.

समजा एका पूलमध्ये (ज्या सामायिक साठ्यातून टोकन, म्हणजे नाणी, घेता-विकता येतात) १०,००० डॉलर आणि १० लाख टोकन आहेत. युनिस्वॅप या स्वॅपच्या बाजाराच्या मूळ पद्धतीत या दोन बाजूंचा गुणाकार कायम राहतो (फी सोडून देऊ). लीडरने १,००० डॉलरची खरेदी केली. पूलमध्ये ११,००० डॉलर झाले, म्हणजे टोकन सुमारे ९,०९,०९१ उरले. त्याला ९०,९०९ टोकन मिळाले, सरासरी १.१ सेंटने. आता मागून कॉपी करणारे दहा जण प्रत्येकी १०० डॉलर घेऊन आले. पूलमध्ये १२,००० डॉलर, टोकन ८,३३,३३३. या दहांना मिळून ७५,७५८ टोकन पडले, सरासरी १.३२ सेंटने. पुढे लीडरने सगळं विकलं. त्याच्या हातात आले १,१८० डॉलर. नंतर दहांनीही विकलं. त्यांना मिळून ८२० आले.

टोकनबद्दल जगात काहीही बदललं नाही. बातमी नाही, नवा ग्राहक नाही. तरी लीडरला १८ टक्के नफा आणि मागच्यांना तेवढाच तोटा. यात त्याने काही लबाडीही केलेली नाही, फक्त तो पुढे होता. लासलगावचा सकाळचा भाव ऐकून दुपारी ट्रॅक्टर भरावा, तशातली ही गत. आणि तोच टोकन त्याने दुसऱ्या एखाद्या पाकिटातून आधीच घेऊन ठेवला असेल तर? यादीत एकच पाकीट दिसतं.

पूल मोठा असेल तर हा फरक नगण्य होतो, हेही खरं. एक कोटी डॉलरच्या पूलमध्ये आपल्या शंभर डॉलरने काडी हलत नाही. पण हिरव्या टक्केवारीचे बहुतेक शूर छोट्या पूलमध्येच पोहत असतात. म्हणून आता लीडरच्या ग्राफआधी मी पूलमधली रोकड बघतो.

दुसरा फटका आपल्याकडचा. दहा सौद्यांपैकी सहांत मिळून ९०० रुपये नफा, चारांत ७२० तोटा. म्हणजे १८० रुपये हातात, असं वाटेल. पण १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पुढच्या वर्षीही नेता येत नाही. तेव्हा कर ९०० वर: २७०, वर ४ टक्के उपकर, झाले २८१. एकूण हिशेब उणे १०१ रुपये. टोकन देऊन टोकन घेतला तरी ते हस्तांतरणच, रुपयांत आणलं नाही म्हणून सुटका नाही. खरेदी किंमत सोडून दुसरा खर्चही धरत नाहीत. जिथे तोटा वजा होतो अशा देशात बसलेल्या लीडरला हेच दहा सौदे फायद्याचे, मला मात्र त्याच्याइतकंच बरोबर असूनही घाट्याचे. हे भाच्याला दाखवलं तर म्हणाला, "मग सौदे कमी कर." पोरगं कधी कधी बरोबर बोलतं.

दोन्ही लीडर सोडले आहेत. पाकिटांवर नजर ठेवायचं सोडलेलं नाही, कारण कोण कुठल्या चेनवर काय करतंय हे बघण्यात खरंच मजा आहे. फक्त बटण दाबत नाही.

महिनाअखेरीस परवानग्या तपासल्या. स्वॅप करताना आपण कराराला टोकन उचलायची मुभा देतो आणि ती सौदा संपला तरी तशीच राहते. माझ्याकडे १४ निघाल्या, त्यातल्या ११ अमर्याद. एक तर अशा साइटची, जी आता उघडतच नाही. बारा काढून टाकल्या, पॉलिगॉन आणि बेसवर त्याला किरकोळ गॅस लागला. उरलेल्या दोन ईथेरियमच्या मुख्य चेनवर आहेत, पहिल्या महिन्याच्या अज्ञानातल्या. रविवारी पहाटे गॅस उतरला की त्याही काढीन.